‘टी’ सायलेंट असलेला किल्ला

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या चाव्या आणि रबरबँड जसे आपोआप साठतात, तसे ते साठतात. मग एखाद्या दिवशी काहीतरी शोधायला म्हणून ड्रॉवर ओढावा, तर तो मध्येच अडकतो.

माझा ड्रॉवर एकाच शब्दाने भरलाय. कॅसल. राहुरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मागच्या वर्षी रिटायर झालो. आडनाव पठारे, पण गावात ते कुणाला सांगून उपयोग नव्हता. ‘कॅसल सर’ म्हटलं की घरापर्यंत आणून सोडायचे. नवीन माणसाला वाटतं, या गृहस्थाचा किल्ल्यांचा मोठा अभ्यास असणार. खरं सांगायचं तर नोकरीत मी जेवढ्या वेळा तोंडावर आपटलो, त्यातल्या निम्म्या वेळा पायात हाच शब्द आला होता.

*

सुरुवात पहिल्याच वर्षी झाली. सहावीच्या धड्यात एक राजा होता आणि तो कॅसलमध्ये राहत होता. मला माझ्या मास्तरांनी ‘कॅस्टल’ शिकवलेलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. तोच वारसा मी ठणठणीत आवाजात पुढे चालवला. सगळा वर्ग माझ्यामागून ओरडायचा, कॅस्टल म्हंजे किल्ला. चार दिवस सुखात गेले.

पाचव्या दिवशी वर्गात एक नवी मुलगी आली. वडील फौजेतून रिटायर होऊन गावी परतले होते, आणि पोरगी तोवर लष्कराच्या शाळांमधून शिकलेली. ती उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, त्यातला टी सायलेंट असतो."

वय चोवीस, नोकरी अजून कच्ची, आणि समोर पंचावन्न पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी म्हटलं, "तिकडे असेल सायलेंट. आपल्या शाळेत सगळ्यांना बोलायची मुभा आहे."

वर्ग हसला, मी तरलो. संध्याकाळी घरी जाऊन डिक्शनरी उघडली. टी सायलेंटच होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. स्वतःच्या मोठेपणाने माझा मलाच गहिवर आला होता. फळ्यावर उदाहरणं लिहून सांगितलं, की एसच्या पाठोपाठ टी आणि एल आले तर टी गप्प बसतो. एसचं काय ते वर्गाने ऐकलं नाही. टी आणि एल आले की टी गप्प बसतो, एवढंच ऐकलं.

मधल्या सुट्टीनंतर एक मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा राहून विचारू लागला, "सर, तुमची वॉटर बॉल भरून आणू का?"

*

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर शेळके सर बसायचे. ते इतिहासाचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, अंगाने बारीक, आवाजाने जाड. माझ्या फजितीची त्यांनी जणू एक वही ठेवली होती, आणि ती ते कधी विसरत नसत. पुढचा किस्सा त्यांच्याच देखत घडला.

तपासणीला शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते आणि शेळके सर त्यांना वर्गावर्गातून फिरवत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी वर्गात माझ्या हाताने काढलेले तक्ते लावले होते. ए फॉर ॲपल वगैरे सगळे लावतात, मी कॅसलचा लावला. चार बुरूज, मध्ये दरवाजा, वर झेंडा. शेळके सरांनी आदल्या दिवशी तो पाहून विचारलं होतं, की ही कुठल्या गावची पाण्याची टाकी. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आता आमच्याकडच्या पोरांच्या तोंडात ‘ॲ’ नीट बसत नाही. घाईत म्हटलं की कॅसलचं सरळ ‘कसलं’ होतं. साहेबांनी नेमका तोच तक्ता निवडला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "सांग बाळ, हे काय आहे?"

मुलगा म्हणाला, "कसलं."

साहेबांनी छडी तक्त्यावर टेकवली. हे, हे चित्र, असं म्हणाले. मुलगा पुन्हा म्हणाला, "कसलं." साहेब म्हणाले, अरे मी तुला विचारतोय, तू उलट मला काय विचारतोस. मुलगा रडकुंडीला आला, कारण उत्तर तर त्याला पाठ होतं. शेवटी मीच घाबरत पुढे झालो. मी म्हटलं, "साहेब, बरोबर आहे त्याचं. कसलंच आहे ते."

साहेबांनी चष्मा वर करून तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं. जाताना शेरेबुकात दोन वाक्यं लिहून गेले. विद्यार्थी प्रश्न विचारतात, ही समाधानाची बाब. चित्र सुधारावे.

*

शब्दाचं मूळ शोधायच्या नादाला मला शेळके सरांनीच लावलं. एकदा चहा पिताना ते म्हणाले, की किल्ला हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला, गड आणि कोट आपले जुने, दुर्ग म्हणजे जिथे जायला अवघड ते. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझा कॅसल कुठून आला रे पठारे?"

मला माहीत नव्हतं. ते मला महागात पडलं, कारण पुढचा आठवडाभर ते रोज सकाळी विचारायचे, आला का रे. रविवारी मी नगरला जाऊन ग्रंथालयात बसलो आणि छडा लावला. शब्द मुळात रोमन लोकांचा. त्यांच्या फौजेचा जो तटबंदीचा तळ, त्याच्या लहान रूपाला ते कास्तेल्लम म्हणायचे. तेच पुढे घासत घासत कॅसल झालं. सोमवारी मी हे शेळके सरांना ऐकवलं आणि त्याच तोऱ्यात सातवीच्या वर्गात गेलो. फौजेचा तळ म्हणजे काय हे पोरांना समजावं म्हणून सोपा मराठी शब्द वापरला. म्हटलं, कॅसल या शब्दाचं मूळ आहे छावणी.

ते वर्ष पावसाने पाठ फिरवलेलं होतं. आमच्या शाळेत वरच्या कोरडवाहू गावांतूनही बरीच पोरं यायची आणि तिकडे त्या उन्हाळ्यात गुरांच्या छावण्या लागल्या होत्या. पोरांना छावणी म्हटलं की एकच ठाऊक.

परीक्षेत मी प्रश्न घातला, कॅसल म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहा. एकाने मोडक्या इंग्रजीत, पण मनापासून लिहिलं होतं, की कॅसल म्हणजे दुष्काळात जनावरं ठेवतात ती जागा. तिथे चारा आणि पाणी मिळतं, वर हिरवी नेट बांधलेली असते, आणि तलाठी आले की सगळे उठून उभे राहतात. मी दोन्ही मार्क कापले.

चार दिवसांनी त्याचे वडील पेपर घेऊन आले. शांत माणूस. भांडायला नव्हते आले, समजून घ्यायला आले होते. त्यांनी मला विचारलं, की सरांनी वर्गात छावणी सांगितलं ते खरं का. मी म्हटलं खरं. पोराने छावणी लिहिली का. मी म्हटलं लिहिली. मग मी त्यांना रोमन फौजेबद्दल समजावू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी ते कॅसल बघितलंय का?"

मी म्हटलं, नाही, चित्रात पाहिलंय.

"आमची चार जनावरं तीन म्हैने छावनीत हुती. हे पोरगं तितंच ऱ्हायलं, तितनंच शाळंत यायचं," ते म्हणाले. "त्यानं बघितलंय."

मी पेपर पुढे ओढला आणि दोन्ही मार्क परत दिले.

*

हसू येत नाही असाही एक आहे, पण तो वगळला तर मी लबाड ठरेन.

मध्यंतरी शाळेत सगळ्या नोटिसा मराठीबरोबर इंग्रजीतही लावायचा हुकूम निघाला. आमचे क्लार्क जगतापभाऊ टाइप करायचे आणि इंग्रजीचा माणूस म्हणून मी तपासून खाली सही करायचो. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी जातीचे दाखले मागवायची नोटीस होती. मराठीत ठीक होतं. इंग्रजीत जगतापभाऊंच्या बोटाखाली एक एल जास्तीचा गेला आणि कास्ट सर्टिफिकेटचं कॅसल सर्टिफिकेट झालं. मी वाचलं, मला काहीच खटकलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीचा शब्द, डोळ्यांना उलट बरंच वाटलं असणार. मी झोकात सही ठोकली.

नोटीस अकरा दिवस फलकावर होती. पालकांना काय मागितलंय ते ठाऊक होतं, त्यांनी दाखले आणून दिले. बाराव्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक पत्र हातात दिलं. आरोग्य केंद्रात सोनवणे सिस्टर होत्या, त्यांची मुलगी आठवीत होती. पत्र त्यांचं होतं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात. त्याचा मराठी अर्थ साधारण असा.

‘आदरणीय सर, आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि वर पत्रा आहे. त्यामुळे किल्ल्याचा दाखला देऊ शकत नाही, क्षमस्व. जातीचा सोबत जोडला आहे. माझ्या नातवंडांकडे तोही मागायची गरज कुणाला पडू नये, एवढीच इच्छा.’

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी ते पत्र दोनदा तपासलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती.

*

रिटायर झाल्यावर आम्ही नगरला मुलीच्या जवळ फ्लॅट घेतला. बिल्डिंगच्या नावात शेवटी कॅसल आहे. ते मी निवडलं नाही, बिल्डरनेच ठेवलंय, पण हे आमच्या गावात कुणालाही पटलेलं नाही. फ्लॅट दोन खोल्यांचा, गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचं धुणं दिसतं. बायको म्हणाली, एवढी वर्षं जप केला, देव पावला.

सामान येऊन पडलं त्या दिवशी मी बस स्टँडवर उतरलो आणि रिक्षावाल्याला रुबाबात सांगितलं, कॅसलला घ्या. बिल्डिंगचं पूर्ण नाव मला तेव्हा आठवत नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं, गाडी काढली आणि वीस मिनिटांनी मला भुईकोट किल्ल्याच्या खंदकापाशी आणून उभं केलं. मी वैतागलो. म्हटलं, अहो, कॅसल म्हटलं मी, किल्ला कुठे म्हटलं?

तो मागे वळला. "सर, मी तुमचा इद्यार्थी हाय, धा वर्सापूर्वीचा. तुमीच सांगितलं न्हाई का, कॅसल म्हंजे किल्ला?"

*

शेवटचा किस्सा शेळके सरांच्या वहीत नाही. तो मी स्टाफरूममध्ये कधी सांगितला नव्हता.

तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धा त्या वर्षी आमच्या शाळेत होत्या. पंच कमी पडत होते. नियमांचं पुस्तक इंग्रजीत आलं, म्हणून ते माझ्या हातात दिलं आणि मला पंच केलं. मी ते पिशवीत टाकलं. बुद्धिबळ मला येत होतं. लहानपणी वडिलांबरोबर पारावर खेळलेलो, आमच्या देशी पद्धतीने. त्यात एका चालीत एकच मोहरा हलतो. त्यापलीकडे काही असेल, असं मला कधी वाटलंच नाही.

आमच्या शाळेची ऋतुजा सातवीत होती. देवळाली प्रवरेच्या अलीकडे उसाच्या पट्ट्यात एक वस्ती आहे, तिथून सायकलवर यायची. वडील टेम्पो चालवायचे, आई दूध डेअरीत कामाला. खेळ ती मोबाईलवर बघून शिकली होती. बोलायची कमी, पण पटापुढे बसली की सोडायची नाही. शेवटच्या फेरीत तिच्यासमोर एका मोठ्या शाळेचा मुलगा होता. जिंकणारा जिल्ह्याला नगरला जाणार होता.

दहा-बारा चाली झाल्या असतील. तिने राजा उचलला, दोन घरं बाजूला ठेवला, आणि लगेच हत्ती उचलून राजाच्या पलीकडे ठेवला. मी टेबलाशी उभाच होतो. मी तिला थांबवलं. एका चालीत दोन मोहरे चालत नाहीत, असं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. हळू आवाजात म्हणाली, सर, चालतं हे. मी समोरच्या मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. त्याला नियम येत होता, हे मला नंतर कळलं.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. मला एक नियम ठाऊक होता, तो लावला. राजाला हात लागलाय, म्हणून राजाच हलवावा लागेल, एकच घर. तिने मोहरे जागेवर ठेवले आणि राजा एक घर पुढे सरकवला. उघड्यावर. सात-आठ चालींत खेळ संपला. तिने त्या मुलाशी हात मिळवला, कागदावर सही केली आणि सायकल घेऊन निघून गेली.

संध्याकाळी घरी चहा घेताना मी ते पुस्तक सहज उघडलं. चौथ्या पानावर तो नियम होता. राजाने दोन घरं जायचं आणि हत्तीने पलीकडे यायचं, एकाच चालीत. आकृती काढून दाखवलेलं. वर मथळा होता, कॅसलिंग. शेजारी कुणीतरी पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलं होतं, किल्लेकोट.

चहा तसाच राहिला. एवढी वर्षं ज्या शब्दावर मी पोट भरलं, त्याचं क्रियापद मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी संयोजकांकडे गेलो, चूक माझी असं लेखी दिलं. त्यांनी पत्र घेतलं, पण सह्या झाल्या होत्या, नावं पुढे गेली होती. तो मुलगा नगरला जाणार हे पक्कं होतं. ऋतुजा त्या दिवशी शाळेत आली नव्हती.

दुपारी मी मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. मास्तर दारात बघून तिच्या आईचा चेहरा उतरला. "काय केलं हिनं, सर?"

"तिने नाही. मी केलं," मी म्हटलं, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुस्तकही दाखवलं. त्यांना खेळातलं किती समजलं कोण जाणे. ऋतुजा आत उंबऱ्याशी उभी राहून ऐकत होती. मी तिला म्हणालो, तू बरोबर होतीस, मला येत नव्हतं, आणि आता तुझं नगर मी परत आणू शकत नाही. तिने मान हलवली. रागावली होती का, ते मला ओळखता आलं नाही.

आई म्हणाली, बसा सर, च्या टाकते, आणि आत गेली. ओसरीवर आम्ही दोघंच. तेवढ्यात ऋतुजा आत जाऊन पट घेऊन आली. पुठ्ठ्याचा, घडीवर फाटलेला. एक प्यादं हरवलेलं, त्या जागी तिने शर्टाचं बटण ठेवलं. मोहरे मांडून तिने पांढरे माझ्याकडे फिरवले.

आम्ही खेळू लागलो. मी वडिलांच्या पद्धतीने घाईघाईने प्यादी पुढे काढत होतो. तिने आधी उंट आणि घोडा बाहेर काढून वाट मोकळी केली. मग तिने राजाला हात लावला आणि थांबली. बोट राजावर तसंच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "खेळ."

तिने राजा दोन घरं बाजूला ठेवला. मग हत्ती उचलला आणि सावकाश पलीकडे आणून ठेवला.

चहा येईपर्यंत माझा वजीर गेला होता. कप खाली ठेवताना मला मात बसली. आईने पटाकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "कोन जितलं गं?"

ऋतुजा मोहरे डब्यात भरत होती. ती म्हणाली, "सरांनी चाल मागं घेतली, आई."